आईला आमवात, मावशीला थायरॉइड, मग मला?

प्रश्न : आईला रूमॅटॉइड आमवात आहे, मावशीला हाशिमोटो थायरॉइड (थायरॉइड ग्रंथी मंदावणारा आजार) आणि मामेभावाला टाइप 1 मधुमेह. मी 29 वर्षांची, तब्येत ठणठणीत. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. जनुकीय तपासणी किंवा एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी) करून घेऊ का?

उत्तर : दोन्ही नकोत. हे तिन्ही ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, आणि त्यांची काही जनुकं सामाईक आहेत. त्यांतली सर्वांत प्रभावी म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरची, प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारी एचएलए जनुकं. पण वारशाने येते ती प्रवृत्ती. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असला, तरी दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण साधारण 15 टक्केच असतं. मग जनुकं तपासून तुम्हाला काय कळणार? एएनए तर अनेक निरोगी माणसांतही कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येतं. लक्षणं नसताना ते केलं की हाती फक्त धास्ती लागते.

तुमच्या हातात खरोखर असलेली गोष्ट म्हणजे तंबाखूचा धूर. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन या वेगळ्या घटकात रूपांतर होतं. एचएलए-डीआरबी1 जनुकाचे काही प्रकार असलेल्यांच्या शरीरात या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार होण्याची शक्यता जास्त. अँटी-सीसीपी चाचणी शोधते ती हीच अँटीबॉडी, आणि सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी ती रक्तात असू शकते. जनुक आणि धूर एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. तुम्ही ओढत असाल तर आजच सोडा. धोका लगेच नाही, वर्षांगणिक उतरतो.

बाळाच्या दृष्टीने मावशीचा आजार महत्त्वाचा. दिवस राहण्याआधी टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासा, वाढलेलं निघालं तर अँटी-टीपीओही (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी). दिवस राहिल्यावर टीएसएच लगेच पुन्हा करा, कारण पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकावर, अवलंबून असतं. मामेभाऊ दूरचा नातेवाईक. त्याच्या मधुमेहामुळे तुमच्या बाळाचा धोका फारसा वाढत नाही.

सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहिली, बोटांच्या मुळाशी सूज आली किंवा हस्तांदोलन करताना कळ आली, तर वेदनाशामकावर दिवस काढू नका. सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँटी-सीसीपी, आरएफ (आमवातात आढळणारी आणखी एक अँटीबॉडी) आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी) करायची वेळ ती. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते आणि झिजलेलं हाड औषधाने पूर्ववत होत नाही.