वाळूचा दांडा, पुळण की टेकडी?

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीने केळव्याच्या सहलीवर लिहिताना "वाऱ्याने किनाऱ्यावर वाळूचा दांडा तयार होतो" असं लिहिलं आणि बाईंनी दांड्याला लाल गोल केला, तर चुकलं काय. बाईंचं बरोबर आहे हो. दांडा लाटा बांधतात, वारा नाही. लाटा आणि प्रवाहांनी पाण्यात, किनाऱ्याला समांतर नाहीतर खाडीच्या तोंडाशी जी लांबट वाळू साठते तो दांडा. लाटांनीच काठावर पसरवली ती पुळण, संस्कृत पुलिनवरून आलेला छान शब्द, पण बोलताना आपण सगळे बीचच म्हणतो, मीपण (नवी मुंबईच्या पामबीच रोडला बीच कुठाय ते मात्र विचारू नका, तिथे चिखल आणि तिवरं). आणि पुळणीवरची कोरडी वाळू वाऱ्याने मागे लोटून जो उंचवटा होतो ती वाळूची टेकडी. पुस्तकातला शब्द वालुकागिरी, तो चूक नाही, पण कमरेएवढ्या उंचवट्याला गिरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरं तुम्ही विचारलंत, वारा वाळू "उडवतो" म्हणायचं का. इथे मला थोडं भांडायचंय. आमच्या उलव्यात समोरच टॉवरचं काम चालूये, गेटजवळ रेतीचा ढीग (साइटवर वाळू कोणी म्हणत नाही, रेतीच). सकाळी टँकरने पाणी मारतात तोवर ती जागची हलत नाही, दुपारी सुकली आणि वारा सुटला की बघा, बारीक धूळ थेट आमच्या चौथ्या मजल्याच्या ग्रिलवर, पण रेती जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जाते, पोटऱ्यांना टोचते, गुडघ्याच्या वर क्वचितच. एक कण पडताना दुसऱ्या दोन-चारांना उडवतो, असं चालू राहतं. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनियरने लिबियन वाळवंटात गाडी घालून हे पाहिलं आणि नंतर विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडायच्या बोगद्यात) मोजलं, १९४१ मध्ये छापलं. म्हणून माझ्या मते धूळ उडते आणि वाळू सरकते.

त्याच साइटवर एक वीट पडलीये, तिच्या वाऱ्याआडच्या बाजूला रेतीची निमुळती शेपटी झालीये, कारण आडोशाला वारा मंदावला की तो कण टाकून देतो. किनाऱ्यावर विटेचं काम मर्यादवेल करते, वाळू अडली की वेल वर चढते, परत वाळू अडते, अशी टेकडी वाढत जाते. मोकळी टेकडी असेल तर वाऱ्याकडची बाजू निवांत चढाची आणि आडोशाची एकदम उतरती, साधारण ३२-३४ अंश, त्याहून जास्त झाली की वाळू आपोआप घसरते. भरतीने भिजलेला पट्टा यात नसतोच, ओले कण एकमेकांना धरून बसतात.

तर लेकीचं वाक्य असं करा: "पुळणीवरची कोरडी वाळू वाऱ्याने सरकते आणि झुडपांच्या आडोशाला साचून टेकड्या होतात."

आणि हो, दांड्यामागे अडकलेल्या पाण्याला पुस्तकात खाजण म्हणतात, तिथे गडबडू नका, आपल्या ठाण्यात खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन. परीक्षेत पुस्तकातलं लिहू द्या, घरी आजीच्या तोंडचा ठाण्याचा अर्थच बरोबर.