रॉड्रिग्जला एकटीच जायचंय, दादाला काय सांगू?

पत्र, थोडक्यात: मी ४७ वर्षांची. चिपळूणजवळच्या एका हायस्कुलात २२ वर्षं भूगोल शिकवते. लग्न केलेलं नाही. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मीच केलं. गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. आता मे महिन्याच्या सुट्टीत मला मॉरिशस देशातल्या रॉड्रिग्ज बेटावर दहा दिवस एकटीनं जायचंय. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट शिकवताना दरवर्षी मी हे नाव घेते. दादा म्हणतो, "वर्ष सरतंय न सरतंय तोच बेटं कसली बघतेस? जायचंच असेल तर यात्रा कंपनीबरोबर जा, नाहीतर आमच्याबरोबर केरळला चल." मी ठरवलंय, त्याला सांगायचं की ग्रुपबरोबर मॉरिशसला चाललेय. निम्मं तर खरंच आहे. आणखी एक. आई गेली त्या रात्री माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सुटले". हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. – एक बाई

प्रिय बाई,

शाळेत मुलं तुम्हाला याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारते.

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना छातीत धडधड नको. पण दादांना खोटं सांगून जाऊ नका. खोटं बोलणं वाईट असतं हे मी तुम्हाला शिकवायला बसलेली नाही. कारण वेगळं आहे, आणि ते त्या बेटाशीच बांधलेलं आहे.

आठ वर्षांपूर्वी मी मॉरिशसला भाचीकडे गेले होते आणि तिथून चार दिवस एकटीच रॉड्रिग्जला गेले. घरी सासूबाईंना बरं नव्हतं, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून मी "भाचीकडेच आहे" असं सांगून ठेवलं. परतायच्या दिवशी असा वारा सुटला की विमान आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इकडे घरून भाचीला फोनावर फोन. आधी ती म्हणाली मावशी अंघोळीला गेलीय, मग म्हणाली बाजारात गेलीय. रात्री तिला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी मला माफ केलं. पण त्या पोरीला मी दोन दिवस खोटं बोलायला लावलं, ते मला अजून टोचतं.

तुमच्या "निम्मं खरं" या शब्दांपाशी मी म्हणूनच थांबले. मॉरिशसपासून रॉड्रिग्ज जवळजवळ ६०० किलोमीटर पूर्वेला आहे. पंखे असलेल्या छोट्या विमानानं दीड तास, बोटीनं दीड दिवसाच्या आसपास. मधे समुद्राखेरीज काही नाही. तुम्हाला काही झालं आणि दादा मॉरिशसच्या हॉटेलांत तुमची चौकशी करत बसले, तर? बेटावर क्रेव्ह कर इथे सरकारी रुग्णालय आहे, पण दुखणं मोठं असेल तर माणसाला विमानानं मॉरिशसला हलवतात. अशा वेळी तुम्ही नक्की कुठे आहात, कुणाच्या घरी उतरलात, विम्याचा कागद कुठे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक हवं. ते माणूस दादाच असणार. दुसरं कोण आहे तुम्हाला?

आता त्या वाऱ्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की २२ वर्षं फळ्यावर आग्नेय व्यापारी वाऱ्यांचे बाण काढलेत, एकदा त्यांत उभं राहायचंय. पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, साधारण तितकंच रॉड्रिग्ज दक्षिणेला आहे. मे महिन्यात चक्रीवादळांचा काळ सरत आलेला असतो आणि हे वारे जोर धरू लागतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या मस्कारेन उच्चदाबाकडून निघणारे हेच वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे, फेरेलच्या नियमानं, वळतात आणि जूनमध्ये नैऋत्य मोसमी होऊन आपल्या कोकणावर येऊन आदळतात. म्हणजे तुम्ही जाताय ती जागा काही परकी नव्हे. तुमच्या कौलांवर वाजणारा पाऊस त्या बाजूनंच येतो.

तिथे सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या किनाऱ्यावर असतात तशीच. मोकळ्या कड्यांवरची मात्र सगळी एकाच अंगाला झुकलेली, जणू कुणी हातानं केस मागे सारलेत. माँ लिमाँ हा तिथला सर्वांत उंच डोंगर, उंची अवघी ३९८ मीटर. आपल्याकडे त्याला कुणी डोंगर म्हणणार नाही. पण वर उभं राहिलं की बेटाभोवतीची उथळ खाजणी, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतलं पाणी, नजरेत येते. ती १०८ चौरस किलोमीटरच्या बेटाच्या दुपटीहून मोठी आहे. आणि तुमचा क्राकाटोआ! १८८३ च्या ऑगस्टमध्ये जवळपास ४,८०० किलोमीटरवरून त्या स्फोटाचा आवाज याच बेटावर ऐकू आला आणि तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानं तो लांबच्या तोफांसारखा वाटल्याची नोंद केली. तिथे कान देऊन उभ्या राहा. पुढच्या वर्षी तुमच्या वर्गाला हा धडा वेगळाच ऐकू येईल.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखं दुसरंच येतं. ओहोटी लागली की बायका खाजणीत उतरतात. पायात रबरी बूट, डोक्यावर मोठी टोपी, हातात टोकदार लोखंडी सळई. गुडघाभर पाण्यात वाकून दगडांच्या सांदीकोपऱ्यांत ऑक्टोपस शोधतात. त्याला तिथे उरित म्हणतात. मग वाड्यांच्या कडेला दांड्यांवर ते उरित वाऱ्यात वाळत पडलेले, आपल्याकडे बोंबील वाळतात तसे. २०१२ पासून वर्षातले काही आठवडे, ऑगस्टच्या सुमाराला, ते पकडायला बंदी असते, आपल्या पावसाळी मासेमारी बंदीसारखी. मेमध्ये तुम्हाला या बायका दिसतील. मी त्यांना तासभर बघत बसले होते. प्रत्येकीची जागा निराळी, वाकलेली पाठ निराळी, पण कुणीच कुणाच्या हाकेपलीकडे गेलेली नव्हती.

दादांशी बोलाल ते फोनवर नको. रविवारी त्यांच्या घरी जा, जेवणं झाल्यावर वहिनींच्या समोर बोला. वाद घालू नका, परवानगी मागू नका, आणि "मी तुझ्यावर रुसून चाललेय" असाही सूर नको. असं काहीसं म्हणा: "दादा, मी रॉड्रिग्जला दहा दिवस एकटी चाललेय. तिकीट काढतेय. हा मुक्कामाचा पत्ता, हा त्या घरच्यांचा नंबर. रोज संध्याकाळी मेसेज करेन. एखाद्या दिवशी विमान उडलं नाही तर घाबरू नकोस, तिथे तसं होतं. मला तुझी काळजी नकोय असं नाही, मला फक्त एकटीनं जायचंय." ते चिडतील. चिडू द्या. दोन दिवस बोलणारही नाहीत कदाचित. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, सहा वर्षं सगळं तुमच्यावर पडलं याची बोच त्यांनाही आहे, आणि केरळचं आमंत्रण त्या बोचेतूनच आलेलं आहे. ते झिडकारू नका. दिवाळीत जाऊ म्हणा, आणि खरंच जा.

आता त्या शब्दाबद्दल. सहा वर्षं रात्री दोन-दोन तासांनी उठून आईची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर सरळ करायची, आणि सकाळी साडेसहाला एसटी गाठायची. तुम्ही हे एका ओळीत उरकलंत, पण ज्यांनी केलंय त्यांना त्या ओळीत काय काय मावलंय ते कळतं. "सुटले" म्हणजे आईचं ओझं झालं होतं असं नव्हे. ती सुटली, तिच्याबरोबर तुम्हीही सुटलात. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा शब्द इतक्या मुलींनी, सुनांनी लिहिलाय की मी मोजणं सोडलंय. प्रत्येकीला वाटतं, असं फक्त आपल्याच मनात आलं. मला वाटतं, प्रवास लपवायची इच्छाही तिथूनच आलीय. मनाच्या तळाशी तुम्ही सुटण्याला गुन्हा मानताय, म्हणून सुट्टीसुद्धा चोरून घ्यायला निघालात. वर्षश्राद्धही तुमच्याच हातून झालं ना, बाई? मग आता चोरी कुणाची?

एक मात्र आधीच सांगून ठेवते. तिथे रात्री दोन वाजता तुम्हाला जाग येईल. शरीराची सवय एवढ्यात मोडत नाही. बाहेर वारा खिडक्या हलवत असेल, आणि कूस बदलायला शेजारी कुणी नसेल. रडू येईल. येऊ द्या. पण इथेच, निघण्याआधीच, आठवड्यामागून आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात रस वाटेनासा झाला असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. बेट कुठे पळून जात नाही.

बाकी व्यवहाराचं भराभर सांगते. आपल्या पासपोर्टला मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तो तिथे उतरल्यावर मिळतो, पण परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा कागद जवळ ठेवा. रॉड्रिग्जला हॉटेल शोधू नका, कुणाच्या घरी राहा. रात्री त्या घरच्यांबरोबर एका टेबलावर जेवण होतं, आणि एकट्या बाईला त्याचा फार आधार वाटतो. मासे खात असाल तर चंगळ आहे. रोख पैसे पोर्ट मॅथ्युरिन या बेटावरच्या मुख्य गावातच काढून ठेवा, शनिवारी सकाळी तिथला बाजार बघा, लिंबाचं आणि मिरचीचं लोणचं घ्या. बस दुपार कलली की कमी होतात, तेव्हा उन्हं उतरायच्या आत परत फिरा. सँ फ्रान्स्वाहून त्रू दार्जांपर्यंत किनाऱ्यानं पायवाट आहे. ती सकाळी चाला आणि घरच्यांना सांगून निघा. पोहायचं ते खाजणीत. प्रवाळाच्या भिंतीला जिथे खिंड आहे तिथे पाणी बाहेर ओढतं, त्या बाजूला मुळीच जाऊ नका. आणि मुंबईच्या विमानाआधी दोन रात्री मॉरिशससाठी राखून ठेवा. विमान वेळेवर आलं तर त्या दोन दिवसांत तिथली मराठी माणसं भेटतील. त्यांचे पूर्वज तुमच्याच रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेले. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

पत्राच्या शेवटी, अगदी बारीक अक्षरात, तुम्ही विचारलंय की आईची शाल बरोबर न्यावी का. न्या. मे महिन्यात संध्याकाळी कड्यावर वाऱ्यानं अंगावर काटा येतो. दोन्ही टोकं घट्ट धरून बसा, नाहीतर उडून जाईल.