बाबा घरी नसायचे, हेही लिहायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात असते, माहेर माळशिरस तालुक्यात, अगदी पालखीच्या रस्त्यावर. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं नोकरी, एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला पण मिळाला होता. गळ्यात तुळशीची माळ. मागच्या श्रावणात गेले. आता वर्षश्राद्ध आलंय, कीर्तन ठेवलंय आणि चुलते म्हणाले की कीर्तनाच्या आधी बाबांबद्दल एक पान तूच लिही आणि तूच वाच. पंधरा दिवस झाले, मोबाईलवर टाइप करते नि पुसते. कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक एवढं झालं की पुढे काही येतच नाही. आणि खरं सांगू का, बाबा घरी नसायचेच. मुक्कामी गाडी, जादा गाडी, दिवाळीला ड्युटी, गणपतीला ड्युटी. आषाढीच्या आधी माउलींची पालखी आमच्या दारावरून जायची, आई वारकऱ्यांना भाकरी आमटी वाढायची आणि बाबा कुठेतरी गाडीवर. एवढे माळकरी असून नोकरीत असेपर्यंत त्यांची एकदाही पायी वारी झाली नाही. रिटायर झाल्यावर दोनदा गेले, मग गुडघे गेले. भाऊ म्हणतो हे असलं लिहू नको, लोकं काय म्हणतील. पण हे सोडलं तर माझ्याकडे उरतं काय?
– एक लेक, माळशिरस तालुका

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, हिचं निम्मं पान तर इथेच लिहून झालंय. आई वारकऱ्यांना वाढतेय आणि बाबा कुठेतरी गाडीवर, हे तू एका ओळीत लिहून गेलीस आणि मला तुमचं अंगण दिसलं, रस्ता दिसला, आणि त्यात नसलेले बाबाही दिसले. कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक हे शब्द खोटे नाहीत गं, पण ते प्रत्येक घरच्या पत्रिकेत असतात, त्यात तुझे बाबा कुठे सापडणार?

हे मी कुठून शिकले ते सांगते. माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, मुंबईत गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, मूळचे पाटण तालुक्यातले. लालबागला चाळीत एक खोली, त्यात आम्ही सात जण. आबा घरात बोलायचेच नाहीत. काही विचारलं तर नुसते बघायचे, नाहीतर मान हलवायचे, आणि आम्हा भावंडांना वाटायचं की यांना आपल्यात काही रस नाही. ते गेले तेव्हा पहिल्या वर्षाला मी पण एक पान लिहिलेलं, सगळं छान छान, शांत स्वभावाचे वगैरे. वाचून झालं, आणि मग त्यांच्याच खात्यातले एक काका, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत उठले. ते म्हणाले, साळखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालायचे, धोट्यांचा तो आवाज इतका की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, आम्ही सगळे खुणांनी नि ओठांवरून बोलायचो, आणि तुझा बाप दोन साचे सांभाळत त्या आवाजात मोठ्याने हरिपाठ म्हणायचा, रोज, पहिला अभंग ते शेवटचा, कुणाला ऐकू जात नव्हता पण त्याचे ओठ बघून आम्हाला कळायचं आता कुठला अभंग आला. आणि मग म्हणाले, त्याच आवाजाने त्याचे कान गेले, आमचे सगळ्यांचेच गेले.

मी तिथे बसल्या बसल्या रडले. आबा बोलत नव्हते कारण त्यांना आमचं ऐकूच येत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत हे आम्हाला कळलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आबा दीड वर्ष वाट बघून गावी परतले आणि मग शेवटपर्यंत दुसऱ्याच्या रानात राबले. हे सगळं मी माझ्या पानात एका वाक्यात उरकलं होतं, आणि हरिपाठाचं तर मला माहीतच नव्हतं. आज आमच्या घरात माझं ते पान कुणाला आठवत नाही, पण काकांनी सांगितलेलं सगळ्यांना पाठ आहे, नातवंडांनासुद्धा.

आता तुझ्या बाबांकडे येते. त्यांची नोकरीत वारी झाली नाही असं तू लिहिलंस. मला नाही तसं वाटत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास माणसं चालत जातात, ऊन पाऊस अंगावर घेत, पायाला फोड आलेले. पण द्वादशीचं पारणं झाल्यावर, पौर्णिमेला काला झाल्यावर यातली बहुतेक माणसं घरी कशी जातात? एसटीने. हजारो जादा गाड्या लागतात, राज्यभरातल्या डेपोंतून ड्रायव्हर कंडक्टर मागवतात, आणि कुणालाच रजा नसते ती यासाठीच. ज्यांच्या पायात आता एक पाऊल टाकायचं बळ राहिलेलं नाही, ज्यांच्या डोक्यावर तुळशीचं वृंदावन आहे, मांडीवर बुक्क्याची पुडी आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद आहे, त्या म्हाताऱ्या माणसांना रात्रीच्या अंधारात, पावसात, एकही धक्का न लागता त्यांच्या त्यांच्या गावाच्या फाट्यावर उतरवणारा माणूस तुझा बाप होता. ३१ आषाढ्या. एकही अपघात नाही. अगं त्या बिल्ल्याचा अर्थ हा आहे, तो नुसता बिल्ला म्हणून लिहू नको.

आणि तुझ्याच जिल्ह्यातलं अरण काही लांब नाही. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, आपलं काम हीच सेवा म्हणत राहिले, तर विठ्ठलच त्यांच्याकडे आला असं आपली परंपरा सांगते, आणि म्हणूनच बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात पण सावतोबांना भेटायला देवाची पालखी अरणला जाते. कीर्तनकार महाराजांना हे आधी सांगून ठेव, त्यांना दृष्टांत शोधायला नको. तुझ्या गावातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण हे सगळं मी लांबून सांगतेय. माल तुला गोळा करावा लागेल. आईला विचार, पण बाबा कसे होते असं विचारू नको, त्याला ती पण चांगले होते एवढंच म्हणेल. तिला विचार की मुक्कामी ड्युटीवरून सकाळी घरी आले की पहिल्यांदा काय करायचे. खाकी शर्टाचा डिझेलचा वास जायचा का, कशाने धुवायची. एकादशीला ड्युटी असली की डब्यात काय द्यायची. बाबांच्या जोडीला जास्त वर्षं होते ते कंडक्टर असतील तर त्यांना फोन कर, नाहीतर सरळ भेटायलाच जा, कारण ड्रायव्हर घाटात कसा असतो, मुक्कामाच्या गावी देवळात झोपताना काय बोलतो, प्रवासी भांडले तर काय करतो, हे घरच्यांपेक्षा कंडक्टरला जास्त माहीत असतं. रिटायर झाल्यावर दोनदा ज्या दिंडीत चालले त्या दिंडीतल्या माणसांना पण विचार. मला फार उत्सुकता आहे की एवढी वर्षं गाडीतून बघितलेल्या रस्त्यावरून पहिल्यांदा पायी चालताना ते काय म्हणाले असतील.

घरी नसायचे ते लिही. भावाला सांग की यात बाबांचा कमीपणा नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री एसटी स्टँडवर किती गर्दी असते ते सगळ्यांनी बघितलंय, त्या गर्दीला घरी पोचवायला कुणीतरी स्वतःचं घर सोडलेलं असतं, आणि त्याची किंमत तुम्ही दोघं भावंडांनी आणि आईने पण मोजलीय. तुला त्यांचा राग आला असेल एखाद्या दिवाळीला, तर ते पण लिही, एका ओळीत, साधं. मात्र भावाला न दाखवता परस्पर वाचू नको. आधी दोघं बसा, त्याला पण विचार तुला काय आठवतंय. मला वाटतं तो घाबरलाय, त्याला पण बोलायचं असणार.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. माळकरी होते ना, मग पत्रिकेवर कै. नको, वै. छापा, वैकुंठवासी, छापणारा सवयीने कै. टाकतो म्हणून प्रूफ स्वतः बघ. आणि पान पाच मिनिटांत संपेल एवढंच ठेव, मोठ्याने दोनदा वाचून बघ, जिथे तुझा आवाज अडकेल तिथे कागदावर रेघ मार, म्हणजे त्या दिवशी तिथे थांबायचं हे आधीच माहीत असेल. थांबलीस तरी चालेल. मंडप थांबेल तुझ्यासाठी.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती. वडील बागायतदार, केळी आणि पानवेली, पहाटे मिस्सा आणि मग दिवसभर वाडीत. उपवासकाळात घरात क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली येशूची कथा, वाचायचे, आम्ही पोरं शेजारी बसायचो. आता वर्षाच्या मिस्सेला कार्ड छापायचंय, माझी कॅनडातली भावंडं म्हणतात इंग्रजीत छापू, नातवंडांना वाचता येईल. मला मन होत नाही. काय करू?
– एक वाचक, वसई

उत्तर : मराठीत छापा. क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स स्वतः इंग्रज होते, इंग्लंडात जन्मलेले, आणि तरी १६१६ साली गोव्यात जवळजवळ ११ हजार ओव्यांचं ते पुराण त्यांनी मराठीत छापलं, कारण ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं या भाषेत प्रार्थना करत होती. तुमचे वडील ज्या ओव्या म्हणत तुमच्या शेजारी बसायचे त्याच भाषेत त्यांची आठवण असू दे. नातवंडांसाठी मागच्या बाजूला चार ओळी इंग्रजीत टाका, त्यात काही वाईट नाही. आणि घरात सामवेदी बोली बोलत असाल तर वडलांचं रोजचं एखादं वाक्य सामवेदीतच, जसंच्या तसं, कार्डवर येऊ द्या, ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

केळी होती म्हणताय तर घरी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पण करत असाल. ते नक्की लिहा. राजेळी केळी पिकल्यावर सोलायला कोण बसायचं, उन्हात किती दिवस ठेवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत ती उचलून घरात कोण आणायचं, वडील हाताने दाबून कधी म्हणायचे की झाली आता, आणि पहिलं सुकेळं कुणाला मिळायचं. कॅनडातल्या नातवंडांना हे कार्डवर नाही मावलं तर फोनवर सांगा, पण या उन्हाळ्यातच सांगा, आणि जमलं तर थोडी सुकेळी करून पाठवा.