छोट्या खाद्यव्यवसायासाठी जर्दाळू घाऊक कुठून आणि कसे घ्यावेत?

एनर्जी बारसाठी महिन्याला 40 किलो जर्दाळू लागतात, वाशीला केशरी माल चांगल्या भावात मिळतोय, घेऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय की पाकिटावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापायचं आहे. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. केशरी जर्दाळू घेणार असाल तर ती ओळ छापू नका. ओळ छापायचीच असेल तर केशरी जर्दाळू घेऊ नका.

वाळलेला जर्दाळू आपसूक केशरी राहत नाही. नुसत्या उन्हात वाळला की तो जुन्या गुळासारखा तपकिरी होतो. केशरी राहतो तो गंधकाच्या धुरीने. माझं माहेर तासगावकडचं, लहानपण बेदाण्याच्या शेडवर गेलं. पिवळाधमक बेदाणा कसा होतो ते मला कुणी शिकवायला नको. धुरी दिलेल्या शेडच्या नुसतं दारात उभं राहिलं तरी नाक चुरचुरतं, घसा धरतो. तो वास मी झोपेतही ओळखेन, आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला जास्त लागते.

पुण्यात माझा आणि माझ्या धाकट्या दिरांचा मिळून घरगुती मिठाईचा व्यवसाय आहे. स्वयंपाकघर माझं, खरेदी आणि गिऱ्हाईक त्यांचं. 2018 च्या दिवाळीला बिनसाखरेचे अंजीर-जर्दाळू रोल काढायचं ठरलं. भाऊजी वाशीच्या मसाला मार्केटमधून दोन नमुने घेऊन आले, एक केशरी, एक तपकिरी. केशरी पिशवी उघडली आणि मला शेडच आठवली. म्हटलं, "भाऊजी, याला गंधक आहे." ते म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं. तपकिरीचा रोल कापला की चिंचेच्या गोळ्यासारखा दिसेल, कोण घेणार?" मी एकदा बोलले आणि गप्प बसले. चकलीची भाजणी दळायची होती, चार बायका कामाला येऊन बसल्या होत्या. केशरीचे सहा खोके आले. त्याच्या आधीच छापखान्यातून स्टिकर आले होते: 'साखर नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही'.

रोल सुंदर झाले, हे खरंच. 140 डबे गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजींचा फोन आला. नातू नऊ वर्षांचा, दम्याचा. आदल्या रात्री दोन रोल खाल्ले आणि तासाभरात छाती भरून आली, पंप द्यावा लागला. त्या भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पिवळ्या बेदाण्याने त्याला असं होतं म्हणून आम्ही तो घरात आणत नाही. तुमच्या डब्यावर प्रिझर्व्हेटिव्ह नाही असं लिहिलंय म्हणून दिला. मग कशाने झालं असेल हो?"

मला उत्तर देता येईना. फोन ठेवून माळ्यावर चढले, रिकामा खोका उलटा केला. बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं होतं: जर्दाळू, सल्फर डायऑक्साइड, देश तुर्की. सल्फर डायऑक्साइड म्हणजे तीच गंधकाची धुरी. इतके दिवस तो खोका माझ्या डोक्यावर होता. ज्यांचे नंबर होते त्या एकसष्ट घरांना मी त्या दिवशी फोन केले. भाऊजींचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की लेबल कोण वाचतं, गवगवा कशाला करायचा. त्या आजींनी वाचलं होतं ना!

आता तुमचा हिशोब करू. गंधक वापरणं बेकायदा नाही. जर्दाळूला किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो, युरोपातही तीच मर्यादा आहे. पण तयार पदार्थात किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, म्हणजे त्या धुरीचा मालात उरलेला अंश, असेल तर ते लेबलवर लिहावंच लागतं. समजा तुमच्या एक किलो बारमध्ये 300 ग्रॅम जर्दाळू आहे आणि माल मर्यादेला टेकलेला आहे. म्हणजे 600 मिलिग्रॅम झालं. भाजताना थोडं उडून जाईल, तरी 10 च्या खाली येणार नाही. मग 'नैसर्गिक' कुठल्या तोंडाने म्हणणार?

खरेदीचं म्हणाल तर वाशीलाच जा, पण फोनवर माल ठरवू नका. तुर्की माल बहुतेक मालात्या भागातला असतो आणि त्याची प्रत किलोत किती नग बसतात त्यावर ठरते. 1 नंबर म्हणजे 101 ते 120, 2 नंबर 121 ते 140, असं वीस-वीसने वाढत जातं. आम्हाला 4 नंबर सांगून दिलेल्या खोक्यात मी एक किलो मोजला तेव्हा 212 भरले. 4 नंबरला 180 च्या वर जायला नको. तेव्हापासून प्रत्येक वकलातला, म्हणजे एकत्र आलेल्या मालातला, एक खोका मी तळातून उघडायला लावते आणि समोर मोजते. व्यापारी आधी कुरकुरतो, मग त्याला सवय होते. बारमध्ये तुम्ही कापूनच घालणार, तेव्हा मोठ्या नगाला जादा पैसे देऊ नका. मूठभर दाबून बघा. बोटांना ओल लागली तर तुम्ही जर्दाळूच्या भावाने पाणी विकत घेताय.

बीवाला जर्दाळू, म्हणजे लहानपणी आपण बी फोडून आतला 'बदाम' खायचो तो, दिसायला स्वस्त पडतो. मी एक किलो सोलून बघितला, गर साडेसहाशे ग्रॅम निघाला. वर सोलणाऱ्या बाईची मजुरी. हैदराबादी खुबानी का मीठा किंवा पारशी जर्दाळू बोटी करणाऱ्याने तोच घ्यावा, बारवाल्याने नाही. आणि त्या बिया वाया जाऊ नयेत म्हणून बारमध्ये घालू नका. कडू निघाल्या तर त्यातून सायनाइड तयार होतं.

लडाखचा माल गंधकाशिवाय वाळवलेला मिळतो, चवीला मला तो सगळ्यात आवडतो. हलमान जातीचा मागा. मात्र तो बऱ्याचदा घराच्या छतावर वाळवलेला असतो, बारीक खडे निघतात, दोन पाण्यांतून काढून पुन्हा सुकवावा लागतो. महिन्याला 40 किलो एकसारखा मिळेलच याची खात्री धरू नका.

भाव मी सांगणार नाही, कारण सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात खोटा ठरतो. एप्रिल 2025 मध्ये मालात्यात अवेळी गारठा पडून बागाच्या बागा गेल्या. मे महिन्यात आपल्याकडे तुर्की मालावर बहिष्काराची लाट आली, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद बंद केलं. त्यामुळे एका देशावर किंवा एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून राहू नका.

साठवण दोन महिन्यांच्या वर नको, आणि माळ्यावर तर नकोच. उन्हाळ्यात केशरी माल माळ्यावर काळपटतो, पावसाळ्यात जाळी धरते. वर पांढरं दिसलं तर बोटाने चोळा. रवाळ लागलं तर साखर वर आली आहे, माल चांगला आहे. मऊ लव असेल तर बुरशी, परत करा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्या मुलाला रोलनेच त्रास झाला असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. दिवाळीचे दिवस, फटाक्यांचा धूरही होता. आणि केशरी जर्दाळू म्हणजे विष नव्हे, बहुतेकांना तो काही करत नाही. केकवर, शाही पुलावात तो रंग लागतोच. आम्हीही लग्नाच्या ऑर्डरला वापरतो, फक्त डब्यावर स्पष्ट लिहून. रोल मात्र तेव्हापासून तपकिरीचे. कापल्यावर ते खरंच चिंचेच्या गोळ्यासारखे दिसतात, आणि गेल्या दिवाळीला 310 डबे गेले. भाऊजी म्हणतात ते जाहिरातीमुळे. असेल. पण त्या आजींची ऑर्डर दरवर्षी पहिली येते, आणि त्या जाहिरात बघून घेत नाहीत.

तुम्ही आधी एकच खोका आणा, बाजूची बारीक अक्षरं वाचा, तळातला एक किलो मोजा, आणि मगच पाकिटाचा मजकूर छापायला टाका. आमचे स्टिकर मालाच्या आधी आले होते.