कॉस्मिक किरणांवर काम करायचंय, पण घरी काय सांगू?

कोल्हापूरहून एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी लिहिते: ‘सर, एका व्याख्यानात ऐकलं की एलएचसीमधल्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या प्रोटॉन आदळवणाऱ्या महाकाय यंत्रातल्या, टकरींचा डेटा कॉस्मिक किरणांच्या मॉडेलशी ताडून बघतात. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. हे काम नेमकं काय असतं? इथून तिथवर पोचता येईल का?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांची काळजी रास्त आहे, तिच्याकडे येतोच. आधी काम समजून घे.

कॉस्मिक किरण म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण. त्यातला एखादा प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो आणि कणांची सर कोसळते. जमिनीवरच्या डिटेक्टरला दिसतं ते या सरीचं शेवटचं टोक. मूळ कण प्रोटॉन होता की लोखंडाचं अणुकेंद्र, त्याची ऊर्जा किती, हे उलटं शोधायचं तर प्रत्येक टकरीत काय घडतं याचं मॉडेल लागतं. एपॉस, सिबिल, क्यूजीएसजेट ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या आधारानं सबंध सर संगणकात उभी करतो तो कॉर्सिका हा प्रोग्रॅम.

आता कागद घे. एलएचसीतल्या टकरीची ऊर्जा 13 टीईव्ही धर (एक टीईव्ही म्हणजे 10¹² इलेक्ट्रॉन-व्होल्ट). तिचा वर्ग कर आणि प्रोटॉनच्या वस्तुमान-ऊर्जेच्या दुपटीनं भाग. 9 × 10¹⁶ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येईल. म्हणजे एलएचसीतली टक्कर आणि एवढ्या ऊर्जेच्या कॉस्मिक प्रोटॉनची स्थिर प्रोटॉनवरची टक्कर एकाच तोडीची. त्याच्या वर मात्र मॉडेल अंदाजानं पुढे ओढावं लागतं. अर्जेंटिनात मालार्गुएजवळ 3,000 चौरस किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या मांडलेल्या पिएर ऑजे वेधशाळेनं 2016 मध्ये दाखवलं, की 10¹⁹ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या सरींमध्ये हॅड्रॉनांपासून (प्रोटॉनसारख्या, क्वार्कांच्या बनलेल्या कणांपासून) येणारा, मुख्यतः म्युऑनांचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा) संकेत मॉडेलपेक्षा 30 ते 60 टक्के जास्त आहे. हे कोडं अजून सुटलेलं नाही. माझ्या मते तुझ्या वयाच्या मुलीनं या विषयात शिरण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच.

अडचण कुठे आहे तेही बघ. एलएचसीचे मोठे डिटेक्टर मुख्यतः बाजूला उडालेले कण टिपतात. सरीची ऊर्जा खाली वाहून नेतात ते मात्र जवळजवळ सरळ पुढे जाणारे कण. म्हणून अ‍ॅटलास या मोठ्या डिटेक्टरमधल्या टकरीच्या जागेपासून 140 मीटरवर, दोन्ही बाजूंना, एलएचसीएफचे छोटे डिटेक्टर बसवले. ते सरळ पुढे निघालेले फोटॉन आणि न्यूट्रॉन मोजतात. 13 टीईव्हीला तिथल्या न्यूट्रॉनांचं चित्र एकाही मॉडेलला पूर्ण जमलं नाही. जुलै 2025 मध्ये एलएचसीत पहिल्यांदाच प्रोटॉन आणि ऑक्सिजन यांची टक्कर घडवली, कारण खरी टक्कर हवेशी असते.

रोजचं काम मात्र एका आलेखात मावतं. वर काळे ठिपके म्हणजे डेटा, रंगीत रेषा म्हणजे मॉडेलं. खाली एक अरुंद पट्टी असते, तिच्यात मॉडेल भागिले डेटा. रेषा 1 वर असली की जुळलं. 1.3 वर गेली, तर आधी एरर बार, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, बघायचे आणि मग विचारायचं: फरक खरा आहे, की आपण कणांची निवडच वेगळी केली? बाबा वहीतला माल फळीवरच्या मालाशी ताडतात ना, तसंच. जुळलं नाही की वही पुन्हा तपासायची, फळीला दोष द्यायचा नाही. निम्म्याहून जास्त दिवस कोडमधली चूक शोधण्यात जातात. त्यात तुझा जीव रमतो का, हे आधी तपास.

त्यासाठी जिनिव्हाला जायला नको. टकरी संगणकात घडवणारा पायथिया आणि त्या डेटाशी ताडणारा रिव्हेट हे प्रोग्रॅम मोफत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. प्रसिद्ध झालेली मोजमापं हेपडेटा या संकेतस्थळावर तक्त्यांत असतात. आधी पायथॉन पक्कं कर, मग थोडं सी++. उन्हाळ्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) व्हीएसआरपी या विद्यार्थी-संशोधन कार्यक्रमाला अर्ज कर, तो पहिल्या वर्षाच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांना चालतो. आणि उटीला विसरू नकोस. तिथल्या टीआयएफआरच्या ग्रेप्स-3 या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगात 560 चौरस मीटरचा म्युऑन डिटेक्टर आहे. म्युऑनचं कोडं आपल्याच देशात बसून सोडवायला घेता येतं, आणि अशा गटात पीएच.डी. करणं मला परदेशी जाहिरातींमागे धावण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

आता बाबा. त्यांना गोड चित्र दाखवू नकोस. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात, मग बहुधा पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, आणि कायमच्या जागा थोड्या. पण सीएसआयआर-नेटची एकच परीक्षा फेलोशिपही देते आणि सहायक प्राध्यापकाची पात्रताही. या फेलोशिपला, म्हणजे जेआरएफला, 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे घरातून पैसे मागावे लागत नाहीत. शिवाय प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी महाराष्ट्राची सेट दे, पीएच.डी. प्रवेशासाठी जेस्ट आणि गेटही दे. बी.एड. नंतरही करता येतं. पुढचं दीड वर्ष या परीक्षांसाठी मागून घे.

दिवाळीच्या सुट्टीत पहिला आलेख काढ, 13 टीईव्हीला किती विद्युतभारित कण निघतात त्याचा. जमला नाही तरी मला पाठव, कुठे अडलीस ते आपण बघू.