डबल बास: वाजती लांबी १०१ सेंमी असेल तर तारा ३/४ च्या घ्याव्यात की १/२ च्या?

तुम्ही लिहिलंय की जुना डबल बास (उभा धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) घेतलाय, विकणाऱ्याने ३/४ म्हणून दिला, पण नटापासून (मानेच्या वरच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीपासून) घोडीपर्यंत (म्हणजे ब्रिजपर्यंत) तार १०१ सेंमीच भरते. संच ३/४ चाच घ्या, मध्यम ताणाचा. फक्त पैसे भरण्याआधी आणखी थोडी मोजामोज करा.

बासच्या बाबतीत १/२, ३/४, ४/४ हे आकाराचे आकडे फार ढिलेपणाने वापरले जातात. मोठ्या माणसाचा नेहमीचा बास ३/४ च असतो, ४/४ क्वचित दिसतो. पोट ७/८ चं आणि तारेची लांबी ३/४ ची, असेही बास सर्रास मिळतात. तारेचा संबंध वाजत्या लांबीशी, म्हणजे नट ते घोडी या अंतराशी. ती ३/४ ला साधारण १०४ ते १०७ सेंमी, ४/४ ला १०८ ते ११० आणि १/२ ला ९६-९७ च्या आसपास असते.

आधी घोडी जागेवर आहे का बघा. दोन्ही एफ-होलच्या (पाटावरच्या f आकाराच्या भोकांच्या) आतल्या बारीक खाचा जोडणारी रेषा तिच्या पायांच्या मध्यातून जायला हवी. घोडी फिंगरबोर्डकडे सरकली असेल तर तेवढी लांबी कमी भरते. तसं असेल तर तारा ढिल्या करूनच ती सरकवा, आणि आतली साउंडपोस्ट (पोटातली उभी लाकडी कांडी) कुठे उभी आहे हे जाणकाराकडून तपासून घ्या.

माप तरीही १०१ च आलं, तर हिशोब असा. तीच तार, तोच स्वर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १०५ साठी बनवलेली तार १०१ वर लावली की ताण साडेसात टक्क्यांनी उतरतो. हाताला किंचित मऊ, बाकी काही नाही. उलट ९७ ची तार १०१ वर ताणली तर ताण आठ टक्क्यांहून थोडा जास्त चढतो, आणि ती खुंटीपर्यंत नीट पोचेलच असं नाही. ताण आपोआप उतरणार असल्यामुळेच मध्यम संच सुचवला. हलका घेतलात तर ई तार जोरात छेडल्यावर फिंगरबोर्डवर खडखडेल.

खरी अडचण जादा लांबीची. तारेच्या खुंटीकडच्या टोकाला रंगीत रेशमी दोऱ्याचं वेष्टण असतं. ते नट ओलांडल्यावर, पण खुंटीच्या आधी सुरू व्हायला हवं. तार आखूड पडली तर रेशीम वाजत्या भागात येतं आणि आवाज मेल्यासारखा होतो. फार लांब असली तर धातूचं जाड वेष्टण खुंटीवर गुंडाळलं जातं, तिथे तडकतं आणि उसवतं. ई आणि जी च्या खुंट्या बहुधा नटाला सर्वांत जवळ असतात, आणि ई सर्वांत जाड, म्हणून पहिला बळी तीच. टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीच्या) खाचेपासून घोडीवरून नटापर्यंत टेप धरा, नटापासून ई च्या खुंटीपर्यंतचं अंतर वेगळं मोजा, आणि विक्रेत्याला तारेच्या टेलपीसकडच्या टोकाच्या गोळीपासून रेशमापर्यंतची लांबी विचारा. दोन-तीन सेंमी जास्त होत असतील तर टेलपीसची दोरी आखूड करून तो खाली ओढता येतो.

पाकिटावर वाइख, मिटल, श्टार्क असं लिहिलेलं दिसेल: हलका, मध्यम, भारी. इलेक्ट्रिक बासच्या ४५-१०५ सारखे जाडीचे आकडे इथे शोधू नका. गट (आतड्याची) तार जाड असूनही पोलादीपेक्षा मऊ लागते. (कोकण-मुंबईत असाल तर गट टाळा, पावसाळ्यात ओलावा शोषून सूर सतत हलतो.) ‘सोलो’ संच चुकून घेऊ नका. तो एक पूर्ण स्वर वर, एफ शार्प-बी-ई-ए लावण्यासाठी असतो. नेहमीच्या ई-ए-डी-जी ला उतरवला तर ताण वीस टक्के घटतो. काही जॅझवादक मऊपणासाठी मुद्दाम तसं करतात, पण तुमच्या १०१ वर ते जमणार नाही.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या काढल्या तर घोडी पडते, आणि साउंडपोस्टही पडू शकते. नट आणि घोडीच्या खाचांत मऊ पेन्सिल घासा. चढवताना घोडी फिंगरबोर्डकडे झुकत जाते. टेलपीसकडची तिची बाजू बासच्या पाटाशी काटकोनात राहतेय ना, हे प्रत्येक तारेनंतर बघा.