चिंच लावू नका, आधी रेषेखालची अक्षरं वाचा

तुमचे फोटो पाहिले आणि पोटात कालवलं. तांब्याचं छोटं रोमन नाणं, मागे भाले धरलेले दोन शिपाई, मधे एक ध्वज, पुढच्या बाजूला जेमतेम ‘कॉन्स्टँट…’ एवढंच वाचता येतं, आणि ‘घासून बघू का?’ हा प्रश्न. माझ्याकडे अगदी असंच नाणं होतं.

नका घासू. मी देवाची भांडी घासतो तशी चिंच-मीठ लावली. हिरवट काळा थर निघाला, खाली गुलाबी तांबं आलं. शिपायांच्या पायांखालच्या आडव्या रेषेखाली ‘एसएमए’ आणि पुढे एक अक्षर होतं. ही टांकसाळीची खूण: ‘एन’ असेल तर अँटिओक, ‘एल’ असेल तर अलेक्झांड्रिया. ते अक्षर त्या थरातच शिल्लक होतं, थराबरोबर गेलं. आता भिंगाखाली नुसता खळगा दिसतो. या काळाच्या नाण्यांची सूची टांकसाळीनुसार लावलेली असते, त्यामुळे माझ्या नाण्याचा सूचीतला नेमका क्रमांक आता कधीच लागणार नाही. याची रुखरुख अजून आहे.

त्यात एका लिलावगृहाला पैसे भरून विचारलं, तर चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर: ‘कॉन्स्टंटाइन घराणं, सामान्य.’ अहो, बाप (सम्राट पहिला कॉन्स्टंटाइन) की त्याचा मुलगा, ते तरी सांगा! पैसे घेऊन असं उत्तर देणं मला आजही पटत नाही.

चेहऱ्यावरून ठरवू नका, बापलेक सगळे सारखेच कोरलेत. अक्षरं मोजा. ‘कॉन्स्टँटिनुस’ (बाप किंवा त्याच नावाचा मुलगा) आणि ‘कॉन्स्टँटिउस’ (दुसरा मुलगा) यांत फरक फक्त एका ‘एन’चा (‘उ’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो). ‘कॉन्स्टँटिनुस’पुढे ‘मॅक्स ऑग’ (म्हणजे थोर सम्राट) असेल तर बहुधा पहिला कॉन्स्टंटाइन. ‘नोब सी’ असेल तर युवराज असलेला मुलगा. दोन ध्वजांचा प्रकार साधारण इ.स. 330 ते 335 चा, एका ध्वजाचा त्यानंतरचा. बाप 337 मध्ये वारला, म्हणजे तुमच्याकडे ‘मॅक्स ऑग’ निघालं तर काळ दोनेक वर्षांवर येतो.

मी तज्ज्ञ नाही, पण माझ्या मते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं आणि लाकडी टूथपिक, याच्या पुढे जाऊच नये. फिकट हिरवी भुकटी (नाणं खाणारा गंज) सुटत असेल तर मात्र ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. सोनाराकडून वजनही करून घ्या. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओक्रे’ ही सूची फुकट आहे, तिथे शोधता येईल.

आणि रेषेखालच्या भागाचा, बाजूने तिरपा उजेड पाडून काढलेला फोटो टाका. तुमच्या नाण्यावर तिथे अजून काहीतरी दिसतंय.